नाक्यावरचं ग्राहक भांडार बंद झालं. पुनर्विकासाच्या करारात दुकानाची ओळ कशी घालायची?

सुधा_भोईवाडा (धागाकर्ती)

मागच्या महिन्याच्या ३१ तारखेला आमच्या गल्लीच्या तोंडावरचं ग्राहक भांडार, म्हणजे सभासदांचं सहकारी किराणा दुकान, कायमचं बंद झालं. शेवटच्या दिवशी रॅकवर मक्याचे पोहे, उदबत्तीचे पुडे, बूटपॉलिशच्या चार डब्या आणि शंभर पानी वह्यांचा एक गठ्ठा एवढंच उरलं होतं. मी वह्या घेतल्या. घरात आता शाळेत जाणारं कुणी नाही, तरी घेतल्या.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नायगाव-भोईवाडा म्हणजे दादर स्टेशनच्या पूर्वेचा पट्टा. बीडीडी चाळी (ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी), पोलिसांच्या लाइनी, पगडीच्या (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या) जुन्या इमारती, आणि एकेकाळी चहूकडे गिरण्या. १९४८ साली इथल्याच गिरणी कामगारांनी अपना बाजारची संस्था उभी केली. आमचं भांडार अपना बाजारचं नव्हतं. त्याच वाऱ्यावर पुढे ज्या लहान संस्था निघाल्या त्यातली ही एक. नाव देत नाही, कारण चालवणारी माणसं म्हातारी आहेत आणि मला कुणाला दोष द्यायचा नाहीये.

दुकान रस्त्याला लागून, साधारण नऊशे चौरस फुटांचं. वर लाकडी पोटमाळा, तिथे पोती. मागच्या बाजूला चार-पाच बायका बसून धान्य निवडायच्या, त्यामुळे भांडाराचा तांदूळ घरी आणून पुन्हा निवडावा लागायचा नाही. जूनमध्ये वह्यांची रांग, दिवाळीआधी रवा-मैदा-पामतेलाची रांग. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. दहा रुपयांचा एक असे त्यांनी पाच शेअर घेतले होते. ते सभासद पुस्तक अजून माझ्याकडे आहे, वारस म्हणून माझं नाव लागलेलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. उधारी द्यायची नाही असा भांडाराचा नियम होता. कमिटीने तो त्या वर्षापुरता बाजूला ठेवला. आमच्याकडे तांदूळ, तूरडाळ आणि रॉकेल वहीवर आलं. ते फेडायला आईला चार वर्षं लागली, पण एकदाही कुणी पैसे मागायला दारात उभं राहिलं नाही. हे मी विसरू शकत नाही.

आता बंद कसं झालं ते सांगते. इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी भाड्याची इमारत), जुनी, टेकू लावलेली. पुनर्विकास व्हायलाच हवा होता. भांडार तळमजल्यावरचं भाडेकरू, म्हणजे नव्या इमारतीत जागा मिळणारच होती. पण इमारत उभी राहीपर्यंत चार-पाच वर्षं दुकान कुठे चालवायचं? नोकरांचे पगार कशातून द्यायचे? शिवाय मोजणीत पोटमाळा धरला गेला नाही, म्हणजे गोदाम गेलं. बिल्डरने दुसरा पर्याय ठेवला. जागेवरचा हक्क सोडा, एकरकमी पैसे घ्या. कमिटीने सर्वसाधारण सभा बोलावली. नोटीस शटरशेजारी पंधरा दिवस चिकटवलेली होती. सभेला गणसंख्या झाली नाही, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरली आणि हजर असलेल्या १९ जणांनी ठराव मंजूर केला.

मी सभासद आहे. ती नोटीस मी वाचली होती. दूध घेऊन येताना रोज तिच्यासमोरून जात होते. सभेला गेले नाही. त्या संध्याकाळी मी घरी होते, काही विशेष काम नव्हतं. गेले असते तर २० झाले असते, निकाल कदाचित तोच लागला असता. पण मी गेले नाही हे मला टोचतंय आणि म्हणूनच हा धागा काढलाय.

कारण आता पाळी आमच्या इमारतीची आहे. समोरचीच, ४४ खोल्या, तीही उपकरप्राप्त. संमतिपत्रं गोळा होतायत. रोज जिन्यात चर्चा चालते: कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) किती, भाडं किती, कॉर्पस (बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी) किती, पार्किंग मिळणार का. दुकानाबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या तळमजल्याला एक पिठाची गिरणी आहे आणि एक इस्त्रीवाला. दोघांनाही पैसे घेऊन जा म्हणून विचारणं झालंय. तेही गेले तर या गल्लीत दळण, इस्त्री आणि पाव किलो साखर यातलं काहीच उरणार नाही. माझ्या मजल्यावर चार घरांत सत्तरीच्या पुढची माणसं एकटी राहतात.

करारात "तळमजल्यावर किराणा दुकान असेल" अशी ओळ घालता येते का? कुणी घातली आहे का? रविवारी आमची बैठक आहे.

रमेश_परळ

सुधाताई, वह्यांचं वाचून थांबलो. आम्ही परळहून चालत नायगावला यायचो वह्या घ्यायला. बाजारापेक्षा डझनामागे थोडे पैसे वाचायचे, आणि वडील म्हणायचे की कागद चांगला असतो, शाई फुटत नाही.

लोअर परळला फिनिक्स मिल होती. मिल गेली, मॉल आला. मॉलमध्ये बिग बझार आलं तेव्हा आमच्या चाळीतली माणसं पहिल्यांदाच त्या फाटकातून आत गेली. पूर्वी त्यातली कितीतरी जण हजेरीचं कार्ड घेऊन त्याच फाटकातून जायची. २००६ च्या २६ जानेवारीला स्वस्ताईच्या जाहिरातीमुळे झालेली गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे. रस्त्यापर्यंत माणसं होती. आता ते बिग बझारही नाही. २०२२ मध्ये ती सगळी साखळीच कोसळली. म्हणजे आमच्या भागानं आधी सहकारी भांडार घालवलं, मग ज्याच्यासाठी घालवलं तेही गेलं. आता मॉलमध्ये माझ्या आईला लागेल असं काही विकायलाच नसतं. ती तिथे फक्त थंड हवेत बसायला जाते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण धागा वर राहायला हवा म्हणून लिहितोय.

दीपक_म

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी याच भागात वाढलो. आमचं भांडारही बंद झालं, पण ते बिल्डरमुळे बंद झालं नाही. दहा वर्षं आधीच ते संपत आलं होतं. हवा तो साबण नाही, सुट्टे पैसे नाहीत, दुपारी एक ते चार बंद. माझी बायको कामावरून साडेसातला दादरला उतरते आणि भांडार आठला शटर ओढायचं. तिने कधी जायचं? आम्ही महिन्यातून एकदा डीमार्टला जातो. तिथे डाळ स्वस्त मिळते, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. त्यांची बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, भाड्याचा बोजा नाही, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करतात, म्हणून त्यांना भाव पाडून मिळतो. आपल्या संस्थांना हे जमलं नाही.

आणि १८० फुटांच्या खोलीत सहा माणसं राहत असताना दुकानासाठी चौरस फूट सोडा असं कुणी म्हटलं, तर मी तरी सोडणार नाही. आधी घर.

सुधा_भोईवाडा

दीपक, राग कशाला मानू. वेळेचं म्हणता ते अगदी खरं आहे. कमिटीतली सगळी निवृत्त माणसं, त्यांना दुपारची झोप हवी असायची आणि नोकरीवाल्या बायकांची वेळ कुणाच्या ध्यानातच आली नाही. मी स्वतः नोकरी करत होते तेव्हा मीही स्टेशनजवळच सामान घ्यायचे. भांडार रिकामं पडलं त्यात माझाही वाटा आहे.

पण घर की दुकान असा प्रश्न मी विचारतच नाहीये. आमच्या प्लॉटवर बिल्डर विक्रीसाठी तळमजल्याला दुकानं काढणारच आहे, नकाशात दिसतायत. सहा गाळे आहेत. समोरच्या टॉवरमध्येही गाळे आहेत, तिथे आता एक बँक, एक दातांचा दवाखाना आणि एक फरशीचं शोरूम येतंय. रोज लागणारं काही नाही. गाळ्याचं भाडं असं असतं की मीठ-साखर विकून ते निघतच नाही. माझा प्रश्न त्या सहातल्या एका गाळ्याबद्दल आहे.

काउंटर_नंबर_तीन

मी अशाच एका सहकारी भांडारात २६ वर्षं नोकरी केली. आधी काउंटरला, मग खरेदीत. थोडं आतलं सांगतो, कारण "संस्थांना जमलं नाही" हे अर्धं बरोबर आहे.

१९६२ च्या चीन युद्धानंतर महागाई आणि साठेबाजी वाढली तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक भांडारांना भांडवल द्यायची योजना काढली. दिल्लीचा सुपर बाजार १९६६ चा, रुपयाचं अवमूल्यन झालं त्या वर्षीचा. मुंबईत 'सहकारी भांडार' याच नावाची दुकानांची साखळी १९६८ मध्ये सुरू झाली. ७२-७३ च्या टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले, त्या काळात आमच्या दुकानाबाहेर पहाटे पाचला रांग लागायची असं जुने लोक सांगायचे. कारण आमच्याकडे भाव फळ्यावर लिहिलेला असायचा आणि फळ्यावरच्या भावानेच माल मिळायचा. टंचाई होती तोवर आमची गरज होती. टंचाई संपली, आणि आम्ही मात्र टंचाईतलंच दुकान राहिलो.

नव्वदीत धान्याचा घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशीला गेला. पूर्वी हातगाडीवर दोन तासांत पोतं यायचं. मग टेम्पो, जकात नाका, हमाली. एक टेम्पो भरायचा तर एकदम माल उचलावा लागे, तेवढं खेळतं भांडवल नसे. धान्यात सुटतं फार थोडं. आमचा खरा नफा साबण, तेल, टूथपेस्टवर असायचा आणि तोच माल मॉलवाले छापील किमतीच्या खाली विकायला लागले. मग आमच्याकडे लोक फक्त धान्यालाच यायचे, ज्यात सुटत नाही.

आता जे सांगतो ते तुमच्या उपयोगाचं. भांडार कशावर टिकलं होतं? जागेवर. जुन्या पगडीच्या भाड्यावर, महिन्याला काहीशे रुपये. ते भाडं हीच आमची सबसिडी होती. पुनर्विकासानंतर जागा मालकीची मिळते, लोकांना वाटतं फायदा झाला. पण मग मेंटेनन्स लागतो, आणि मालमत्ता कर व्यापारी दराने. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ आहे, दुकानाला नाही. आमच्या संस्थेनं हिशेब केला तेव्हा दिसलं की नव्या इमारतीत नुसतं शटर उघडायलाच जुन्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे लागणार. सुधाताई, तुमच्या कमिटीनंही हाच हिशेब केला असेल. त्या १९ जणांना दोष देऊ नका.

म्हणून नुसतं दुकान मागू नका. दुकानाचा मेंटेनन्स कोण भरणार तेही लिहून घ्या.

आणि एक. सुट्टं धान्य ठेवा. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबलवाल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्ट्यावर नाही. पाव किलो मागणारं गिऱ्हाईक पाकिटाच्या दुकानात जाऊच शकत नाही.

करारवाचक

व्यवसायाने वास्तुविशारद आहे, उपकरप्राप्त इमारतींची कामं केली आहेत. मुद्द्याचं तेवढं लिहितो.

तुमची योजना ३३(७) खाली, म्हणजे विकास नियमावलीतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या नियमाखाली जाईल. त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट आणि अनिवासी भाडेकरूला आहे तेवढंच क्षेत्र. आता ५१ टक्के संमती पुरते, पूर्वी ७० लागायची. म्हणजे पिठाची गिरणी आणि इस्त्रीवाला यांचा हक्क कायद्यातच आहे, त्यासाठी भांडायला नको. म्हाडा प्रमाणित करते त्या भाडेकरूंच्या यादीत त्यांची नावं आणि क्षेत्र बरोबर लागलंय का हे आजच बघा. पोटमाळा अधिकृत असल्याचा जुना कागद असेल तर तोही आत्ताच द्या. यादी प्रमाणित झाली की मग पायपीटच पायपीट.

किराणा दुकानाची गोष्ट वेगळी. ते कायद्याने मिळणारं नाही, मागून घ्यावं लागेल. बिल्डरच्या विक्रीच्या हिश्शातला एक गाळा सोसायटीच्या नावावर. तो हे फुकट देणार नाही, कॉर्पसमधून वळता करेल. तुमच्या ४४ घरांनी ठरवायचं की प्रत्येकाचा कॉर्पस थोडा कमी चालेल का.

मागताना या गोष्टी विसरू नका. गाळा नकाशावर दाखवून घ्या, क्रमांकासकट. करारात ओळ आहे आणि मंजूर नकाशात गाळा नाही, असं झालं की ती ओळ वाचायलाही कुणी येत नाही. गाळा रस्त्याकडे तोंड करून हवा. मागच्या बाजूला, पार्किंगच्या रॅम्पखाली दिला तर तो सायकली ठेवायला होतो, मी हे तीन ठिकाणी पाहिलंय. पायऱ्या नकोत, उतार हवा. पाण्याची सोय, वेगळा वीजमीटर. आणि गाळा सोसायटीचा असेल तर भाड्याने देताना वापर वाणसामानासाठीच, बदलायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव, असं लिहून ठेवा. नाहीतर पाच वर्षांनी तुमचीच कमिटी तिथे एटीएम आणेल, भाडं जास्त येतं म्हणून.

पिठाच्या गिरणीचं आणखी एक. आवाज आणि धूळ ही कारणं सांगून नव्या इमारतीत तिला विरोध होतो, आणि तो विक्रीच्या फ्लॅटवाल्यांकडून होतो. तिचा गाळा राहत्या मजल्यांच्या थेट खाली नसावा, मधे पोडियम (पार्किंगचे वगैरे खालचे मजले) असावा. हे आत्ता नकाशावर होतं, नंतर नाही.

वरळीकर_१६०

मी वरळीच्या बीडीडीतला. १४ ऑगस्ट २०२५ ला ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात आमची एक. १६० फुटांतून ५०० फुटांत आलो. माझ्या आईनं ६८ व्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या घरातल्या संडासाची कडी लावली. हे मी आधी लिहितो, कारण पुनर्विकासाबद्दल बोलताना हे कुणी विसरू नये. दीपक म्हणतात तसं, आधी घर.

पण सुधाताईंचा प्रश्न मला कळतो. चाळीत आई दिवसातून तीनदा दुकानात जायची. एकदा दहा रुपयांचं आलं-मिरची, एकदा चहापूड, एकदा नुसती. फडताळ एवढंसं, महिन्याचं सामान ठेवायचं कुठे? म्हणून रोजचं रोज. आता जागा आहे, तर मी महिन्याचं भरून ठेवतो. आई म्हणते, सगळं भरलंस, आता मी खाली कशाला जाऊ? चाळीस मजली इमारत. लिफ्ट छान आहे. तिला खाली जायला कारण हवंय.

मँचेस्टरहून_अनघा

माझं माहेर लालबागचं. इथून अर्ध्या तासावर रॉचडेल आहे. २१ डिसेंबर १८४४ ला तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, प्रत्येकी एक पौंड घालून टोड लेनवर ३१ नंबरच्या जागेत दुकान उघडलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. कारण गिरणीमालकाच्या दुकानातल्या पिठात भेसळ आणि वजनात खोट. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ त्या दुकानाला आपलं मूळ मानते. खरेदीच्या प्रमाणात सभासदाला लाभांश द्यायची पद्धत तिथूनच रूढ झाली.

मी ते पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा मला लालबाग आठवलं. दगडी फरशी, लाकडी काउंटर, तराजू, पिंप. माझे आजोबा असल्याच दुकानात तागडीवर बसायचे. कापड विणणाऱ्या माणसांनी तिकडेही दुकान काढलं आणि इकडेही, शंभर वर्षांच्या अंतरानं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. पायोनियर्सनी, म्हणजे त्या २८ जणांच्या संस्थेनं, ती जागा सोडली आणि मोठ्या इमारतीत गेले. मधली कितीतरी वर्षं तिथं दुसरीच दुकानं होती. पुढे चळवळीनं ती परत मिळवली आणि १९३१ पासून तिथे संग्रहालय आहे. मला संग्रहालय आवडतं, पण तिथे पीठ मिळत नाही. तुमचं दुकान संग्रहालय व्हायच्या आधी वाचवता आलं तर बघा.

शुभदा_ठाणे

दुकानाची जागा मिळेल तेव्हा मिळेल. मधली चार-पाच वर्षं काय करणार?

मी मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपात आहे. १९७५ पासून हे चाललंय आणि याला दुकान लागतच नाही. शेजारच्या घरांचा एक संघ करायचा. महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येक घर यादी भरतं, यादी एकत्र जाते, ठरलेल्या दिवशी टेम्पो एका घराशी किंवा सोसायटीच्या आवारात येतो. मग आम्हीच सगळ्या मिळून वाटप करतो: कुणी यादी वाचायची, कुणी पिशव्या भरायच्या, कुणी हिशेब लिहायचा. पाळीपाळीनं. पुरुषही येतात, आमच्याकडे दोन निवृत्त काका हिशेबाला बसतात आणि पैशाचीही चूक होत नाही.

मर्यादा सांगते. महिन्यातून एकदाच. मधेच रवा संपला तर हे उपयोगाचं नाही. आणि ट्रान्झिटमध्ये, म्हणजे इमारत बांधून होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत, तुम्ही ४४ घरं ४४ ठिकाणी पांगलात तर संघ टिकत नाही. म्हणून शक्य असेल तर आठ-दहा घरांनी जवळजवळ भाड्यानं जागा घ्या. आमच्या ओळखीतल्या एका इमारतीनं तसं केलं होतं, पाच वर्षांनी परत आली तेव्हा माणसं एकमेकांना विसरलेली नव्हती.

दीपक_म

काउंटर नंबर तीन यांचं जुन्या भाड्याबद्दलचं मला माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं नाही, घर आधीच. पण सोसायटीचाच गाळा, वेळ सकाळी सात ते रात्री दहा, आणि चालवायला संस्थेऐवजी एखादा होतकरू वाणी, भाडं माफक, असं असेल तर मीही माझ्या इमारतीत मांडीन. आमच्याकडेही पीएमसी (पुनर्विकासाचा सल्लागार) नेमायचं चाललंय. करारवाचक, तो वापर न बदलण्याचा मसुदा इथे टाकाल का?

करारवाचक

साध्या मराठीत टाकतो, वकिलाकडून तपासून घ्या:

"तळमजल्यावरील रस्त्यालगतचा गाळा क्रमांक ___, चटई क्षेत्र ___ चौरस फूट, विकासक हा गृहनिर्माण संस्थेच्या नावे मालकी हक्काने व विनामूल्य हस्तांतरित करील. सदर गाळ्याचा वापर धान्य, किराणा व दैनंदिन गरजेच्या वस्तूंच्या विक्रीसाठीच होईल. वापर बदलावयाचा झाल्यास संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांच्या तीनचतुर्थांश बहुमताचा ठराव आवश्यक राहील. सदर गाळ्याचा देखभाल खर्च संस्था सर्व सभासदांत समप्रमाणात विभागील."

"हजर सभासदांच्या" असं लिहू नका. "एकूण सभासदांच्या" लिहा. १९ जणांची गोष्ट पुन्हा नको.

सुधा_भोईवाडा

रविवारची बैठक झाली. गच्चीवर, संध्याकाळी सहाला. मी शनिवारी चौवेचाळीसही दारं वाजवून आले होते, नोटिशीवर विसंबले नाही. ३७ घरांतून माणसं आली.

करारवाचकांचा मसुदा मोठ्यानं वाचला. पहिला प्रश्न आला तो कॉर्पसचा, आणि अर्धा तास तोच चालला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलानं मोबाइलवर हिशेब मांडला की एका गाळ्यासाठी प्रत्येक घराला अंदाजे किती सोडावे लागतील. आकडा लहान नव्हता. काही जण उठून गेले. मग तळमजल्यावरचे गिरणीवाले मामा बोलले. ते कधीच बैठकीत बोलत नाहीत. म्हणाले, "मला पैसे घेऊन जा म्हणून सांगून गेलेत, मी गावी जाऊन राहीन, मला काही कमी नाही. पण वरून तुमच्या आया डबा दोरीनं खाली सोडतात, मी दळून ठेवतो, त्या पुन्हा ओढून घेतात. नव्या इमारतीत दोरी कुठवर पुरणार, तेवढं सांगा."

हात वर करून मत घेतलं. गाळ्याची मागणी करायची, या बाजूनं २९. विरोधात ५, बाकी तटस्थ. मामांनी पैसे घ्यायला नकार दिल्याचं लेखी दिलंय, इस्त्रीवाला अजून विचार करतोय. म्हाडाच्या यादीची प्रत काढली, मामांच्या गिरणीचं क्षेत्र चाळीस फुटांनी कमी लागलेलं होतं. दुरुस्तीचा अर्ज आजच दिला, पोच घेतली.

बिल्डरचं उत्तर पंधरा दिवसांत येईल म्हणतात. आलं की इथे लिहीन. शुभदाताई, पंचायतीच्या संघाची चौकशी करायला मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी पुढच्या गुरुवारी येतोय. फोन कुठे करायचा ते मला निरोपात कळवा.

तोवर दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी दादरला भाजीला जाते, तेव्हा मजल्यावरच्या चार घरांचं सामान घेऊन येते. आज यादी अशी होती: रवा अर्धा किलो, साखर पाव किलो, वाटाणे, माचिस, आणि पहिल्या खोलीतल्या आजींना एक वही. हिशेब लिहायला हवी होती. माझ्याकडच्या गठ्ठ्यातली दिली.